शेगडीचं मार्च एंडिंग

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक वाईट खोड जडते. कोणाच्याही घरी गेला, तरी तो त्या घराची पत जोखू लागतो. आमचे कर्जखात्यातले साहेब त्यासाठी ताळेबंद मागवतात, तीन वर्षांचे आयकराचे कागद मागवतात. मी पाणी मागतो. यजमान उठायच्या आत ‘बसा बसा, मी घेतो’ असं म्हणून स्वयंपाकघरात शिरतो आणि पाणी पिता पिता एक डोळा शेगडीवर टाकतो. सोफ्यावर चादर घालता येते, भिंतीच्या ओलीवर कॅलेंडर टांगता येतं. शेगडीला मात्र खोटं बोलता येत नाही. बर्नरभोवती परवाच्या दुधाचं तपकिरी कडं, जाळीखाली आमटीची बेटं, मागच्या कोपऱ्यात फोडणीतून पळालेल्या मोहऱ्या आणि या सगळ्यावर तेलाचा एक मेणचट, पिवळसर थर, एवढं दिसलं की माझ्यापुरतं कर्ज नामंजूर.

लोक उगाच जाती-पंथ मोजत बसतात. मराठी मध्यमवर्गात खरे पंथ दोनच आहेत. पहिला रोजपुश्यांचा आणि दुसरा दिवाळीघाश्यांचा. रोजपुशे रात्रीचा स्वयंपाक आटोपला की ओल्या फडक्याने शेगडी पुसून मोकळे होतात. दिवाळीघाशे वर्षभर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि नरकचतुर्दशीच्या आधीच्या रविवारी तिच्यावर स्वारी करतात. मी पहिल्या पंथाचा आहे, आणि हा लेख दुसऱ्या पंथाच्या विरुद्ध आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यांना तटस्थ लिखाण आवडतं त्यांनी आमच्या बँकेचा वार्षिक अहवाल वाचावा. त्यात कोणाचीच बाजू घेतलेली नसते, भागधारकांचीसुद्धा.

दिवाळीघाश्यांची स्वारी एकदा पाहण्यासारखी असते. सकाळी नऊला सिलिंडरचं बटण बंद. शेगडी बाल्कनीत. खाली गेल्या आठवड्याची वर्तमानपत्रं. मग आयुधं निघतात: बोथट सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, तारेची घासणी, टाकून दिलेले टूथब्रश, उकळतं पाणी, सोडा. घरातली बाई पदर खोचून जमिनीवर बसते. घरातला पुरुष स्टुलावर बसतो आणि ‘तिथं कोपऱ्यात राहिलंय बघ’ एवढं एकच वाक्य दर सात मिनिटांनी म्हणतो. चार तासांनी शेगडी चकचकीत होते, बाईच्या बोटांची सालं निघतात आणि संध्याकाळी हा गृहस्थ शेजाऱ्याला सांगतो, “आज आम्ही शेगडी काढली.” या ‘आम्ही’ शब्दावर व्याकरणकारांनी एकदा बसून विचार करायला हवा.

आता या पंथाचं तत्त्वज्ञान काय, तर ‘दिवाळीला निघतेच की!’ निघते, कबूल. पण काय भावाने?

मी कॉमर्सचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीत सुटला. पण चक्रवाढ व्याज मला कळतं, आणि शेगडीवरचा चिकटा हा चक्रवाढ व्याजाचाच व्यवहार आहे. आज उडालेला तेलाचा थेंब हे मुद्दल. उद्या त्यावर धूळ बसते, परवा पिठाचा कण, तेरवा नवं तेल. आणि जितकं चिकट तितकं जास्त चिकटतं. शिवाय तेल तापलं आणि हवेत राहिलं की ते तेल राहतच नाही. त्याचे रेणू हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांचे हात धरतात आणि लाखेसारखी कडक साय तयार करतात. जवसाच्या तेलात रंग कालवून चित्रकार जी चित्रं काढतात ती वाळतात ती याच रीतीने. आपलं करडईचं तेलसुद्धा रंगाच्या कामाला चालतं. म्हणजे ज्या घरात करडई, सोयाबीन नाहीतर सूर्यफूल वापरतात, त्या घरात शेगडीवर रोज एक ऑइल पेंटिंग चालू असतं. खोबरेल तेवढं आळशी. ते लवकर वाळत नाही. पण खोबरेलात स्वयंपाक करायची तयारी माझ्या घाटावरच्या सासुरवाडीची नाही.

हीच साय लोखंडी तव्यावर धरली की आपण कौतुकाने म्हणतो, ‘तवा मुरला.’ शेगडीवर धरली की मात्र सुरी शोधतो. थेंब ताजा असताना साबणाच्या ओल्या फडक्याने निघतो, एवढंच त्याचं व्याज. बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते खातं आम्ही अनुत्पादक धरतो. दिवाळीघाश्यांची शेगडी याच न्यायाने जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारासच अनुत्पादक झालेली असते. पुढच्या ऑक्टोबरात सुरी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जे चालतं त्याला सफाई म्हणू नये, ती वसुली आहे.

‘पूर्वी कुठं होती असली थेरं?’ असं आमच्या खालच्या मजल्यावरचे एक सेवानिवृत्त गृहस्थ विचारतात. पूर्वी! पूर्वीचं नाव त्यांनी काढायलाच नको होतं. माझी आजी कोकणात चुलीवर स्वयंपाक करायची. सकाळी उठलं की पहिलं काम म्हणजे चुलीतली राख काढायची आणि शेणमातीचं पोतेरं फिरवून चूल पोतारायची. त्याशिवाय काडी ओढायची नाही, मग सासरा चहासाठी कितीही खोकला तरी. काढलेली राखही फुकट जात नसे. तिने भांडी घासली जात, कारण राखेत क्षार असतो आणि तो तेलकटपणा कापतो. पुढे आईच्या संसारात पितळी स्टोव्ह आला. त्याला रोज पीन मारावी लागे. पीन मारली नाही की तो फुरफुरे, भडके आणि भुवया जाळी. वातीचा स्टोव्ह जरा गरीब, पण वाती कातरल्या नाहीत की तोही घरभर काजळी धरी.

म्हणजे चूल काय, स्टोव्ह काय, सगळा रोखीचा व्यवहार होता. आज हयगय केली की आजच डोळ्यांत धूर. मग आला गॅस. मुंबईत तो पन्नासच्या दशकातच आला होता, १९६५ साली कलकत्त्यात इंडेन सुरू झाला, आणि त्यानंतरची वीसएक वर्षं मराठी माणसाने गॅसच्या नंबरची वाट पाहण्यात घालवली. आमच्याकडे सिलिंडर आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि पहिला महिनाभर शेगडीवर भरतकामाचं झाकण होतं. पण या गॅसने एक घोटाळा केला. ही पहिली चूल अशी, की जी घाणीतसुद्धा निमूट पेटते. धूर नाही, भडका नाही, तक्रार नाही. म्हणजे उधारीचं खातं उघडलं! आणि मध्यमवर्गाला एकदा उधारी मिळाली की काय होतं ते क्रेडिट कार्डाच्या काउंटरवर बसून मी रोज पाहतो.

तक्रार नाही म्हटलं, पण तेही पूर्ण खरं नाही. शेगडी तक्रार करते, आपण ऐकत नाही. बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजली की गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. मग निळी ज्योत पिवळी होते, पातेल्याचं बूड काळं होतं आणि जेवढा गॅस जळायचा तेवढा नीट जळत नाही. अर्धवट जळालेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद स्वयंपाकघरात तो चांगला नव्हे. तेल आणि गॅस वाचवा म्हणून सांगायला सरकारने १९७८ साली एक पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना काढली. तीसुद्धा हेच सांगत आली आहे: बर्नर स्वच्छ ठेवा, ज्योत निळी ठेवा. आमचे दिवाळीघाशे एका बाजूने सिलिंडर महाग झाला म्हणून सरकारला शिव्या देतात आणि दुसऱ्या बाजूने १४.२ किलोंतला काही भाग पातेल्याच्या बुडाला काजळ म्हणून लावतात.

दिवाळीघाश्यांचं अलीकडचं एक पिल्लू आहे. त्यांना मी फसफसे म्हणतो. यांचा विश्वास एका चमत्कारावर असतो: शेगडीवर खाण्याचा सोडा पसरा, वरून व्हिनेगर नाहीतर लिंबू पिळा, फस्स करून फेस येतो आणि घाण आपोआप सुटते. हा चमत्कार मोबाइलवरून दर श्रावणात माझ्याकडे येतो. आता हिशेब पाहा. सोडा अल्क, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. कार्बन डायॉक्साइड उडून जातो आणि खाली एक मिळमिळीत खारट पाणी उरतं. याला आमच्यात जमा-नावे समान, शिल्लक शून्य असं म्हणतात. फेस दिसतो म्हणून माणसाला काम झाल्यासारखं वाटतं, एवढाच त्यात फायदा. (याच तत्त्वावर अनेक संस्था चालतात, पण तो विषय वेगळा.) तेलाला सोडा हवा असेल तर नुसता सोडा लावा, थोडा वेळ ठेवा आणि घासा. पितळी बर्नरला आंबट हवं असेल तर नुसती चिंच नाहीतर आमसूल लावा. आजी तेच करायची. दोघांचं लग्न लावायची गरज नाही. आणि ॲल्युमिनियमच्या बर्नरला धुण्याचा सोडा लावू नका, तो काळा पडतो.

चौथे आहेत यंत्रभक्त. यांना पुसायचं नसतं, विकत घ्यायचं असतं. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने स्वतःला स्वतः साफ करणारी चिमणी बसवली. बटण दाबलं की ती आतून तापते, तेल वितळून खाली एका वाटीत गोळा होतं. वा! पण ती वाटी कोणी ओतायची? ती वाटी सहा महिन्यांनी भरून शेगडीवर ठिबकू लागली, तेव्हा त्यांना वाटलं की वरच्या मजल्याची मोरी गळते आहे. सोसायटीची मीटिंग झाली.

ओव्हनची कथा याच जातीची. आपल्याकडे ओव्हन घाण होण्याचा प्रसंग कमी. पूर्वी लोक मे महिन्यात रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. भट्टी कोण झाडतो ही चिंता बेकरीवाल्याची. आता घरोघरी ओव्हन आहे, पण त्यात एक केक वाढदिवसाला होतो आणि उरलेले ३६४ दिवस तवे आणि ताटल्या राहतात. परदेशात मात्र ओव्हन म्हणजे आपली शेगडी, रोजचा राबता. याच सहकाऱ्याची मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडचा ओव्हन स्वतःला साफ करतो. ही युक्ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ साली बाजारात आणली. ओव्हनचं दार कुलूपबंद होतं, आत पाचशे अंशांच्या जवळपास उष्णता होते आणि दोन-तीन तासांत सगळी चरबी जळून राख होते. घरात पोपट असेल तर त्याला आधी दुसऱ्या खोलीत न्यावं लागतं, कारण या धुराने पाखरं दगावू शकतात. सहकारी हे सगळं मला अभिमानाने सांगत होते. मी विचारलं, “मग ती राख?” तर म्हणाले, “ती काय, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.”

पाचशे अंश, दोन-तीन तास वीज, पोपटाचं स्थलांतर, आणि शेवटी ओलं फडकं! मी सुरुवातीपासून दुसरं काय मागतो आहे?

आता मुद्द्याचं. ‘मागतो आहे’ म्हटलं, पण कोणाकडे? इथे दिवाळीघाश्यांतला एक हुशार हिशेबनीस उठतो आणि म्हणतो, “रोज दोन मिनिटं म्हणजे वर्षाला ७३० मिनिटं, म्हणजे बारा तास दहा मिनिटं. आमचे दिवाळीला चारच तास. सांगा, स्वस्त कोण?” प्रश्न बिनतोड वाटतो. पण चार तास कोणाचे, हे तो सांगत नाही. ते एकट्या बाईचे. माझे बारा तास घरातल्या चौघांनी वाटून घेतले तर माणशी वर्षाला तीन तास येतात, तेही दोन-दोन मिनिटांच्या चिल्लरीत. आणि या चिल्लरीलाच गडी तयार नाहीत.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर एक पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका निघाल्या शंभरात ८१. पुरुष शंभरात २६. जी बाई घरकाम करते तिचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं. जो पुरुष करतो त्याचा ९७. ही सरासरी फक्त करणाऱ्यांची. न करणारे धरून मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा वाटणी केली: बाईमागे सुमारे २४३ मिनिटं, पुरुषामागे २५. असला ताळेबंद घेऊन एखादी पार्टी बँकेत आली असती, तर आम्ही भागीदारीची कागदपत्रं तपासायला घेतली असती.

“आमच्याकडे बाई येते की कामाला,” असंही काही जण म्हणतात. येते. पण तिचे दर विचारा. भांड्यांचे इतके, केर-लादीचे इतके, कपड्यांचे इतके. शेगडी कशात मोडते? ती भांडं नाही, लादी नाही, कपडा नाही. बँकेत जी रक्कम कुठल्याच खात्यात बसत नाही ती आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो. शेगडी घराच्या सस्पेन्स अकाउंटला पडलेली असते, आणि हे अकाउंट दरवर्षी कोणाच्या नावावर वळतं करतात ते सांगायला नको. आमच्याकडच्या मावशींनी तर पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं, “दादा, ओटा पुसीन, पण ते जाळं-बिळं उचलणार नाही.” मला त्यांचा रागही येत नाही. घरचा कर्ता पुरुष जे दोन मिनिटांत करत नाही, ते त्यांनी फुकटात का करावं?

तेव्हा काम आणि कामाची पद्धत, दोन्ही लिहून काढायचं मी ठरवलं. पद्धत सोपी आहे. रेग्युलेटर बंद. शेगडी निवून कोमट होऊ द्यावी; तापल्या काचेवर गार पाणी मारू नये, काच एकदम चुरा होऊन बसते. साबणाच्या पाण्यातलं घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं. आठवड्यातून एकदा बर्नर उचलून गरम पाण्यात, आणि भोकं खराट्याच्या हिराने मोकळी करायची. आतल्या बारीक जेटला सुई लावायची नाही. भोक मोठं झालं की ज्योत बिघडते. नळी पाच वर्षांनी बदलायची. संपलं. यात कुठे सुरी आली?

कामाचं मात्र जड गेलं. शाखेतल्या एकाने सुचवलं, “जो शेवटी जेवेल त्याने पुसावी.” ऐकायला किती न्याय्य! मी आईला विचारलं, “आई, आपल्याकडे शेवटी कोण जेवतं गं?” ती म्हणाली, “कोण म्हणजे? मीच. आता सूनबाई.” गेल्या पन्नास वर्षांत त्या घरात शेवटी जेवणाऱ्याचं लिंग बदललेलं नव्हतं. म्हणजे हा नियम केला असता तर चालू व्यवस्थेवर फक्त शिक्का बसला असता.

म्हणून मी नियम उलटा केला. ज्याच्या ताटात पहिली गरम पोळी पडेल, त्याने त्या रात्री शेगडी पुसायची. तव्यावरून थेट ताटात उतरलेली, फुगलेली, वाफ सोडणारी पोळी खाण्याचा मान मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाकडे चालत आलेला आहे. मानाबरोबर जबाबदारी आली तर बिघडलं कुठे? सौ. म्हणाली, “अहो, हे लिहून द्या.” मी लिहून दिलं. कागद फ्रिजवर लावला आहे, तारीख-सहीसकट.

त्या दिवसापासून आमच्या घरात विनय फार वाढला आहे. साडेआठला पानं मांडली जातात आणि कोणी बसत नाही. “तू घे रे आधी, तुला क्लासला जायचंय,” असं मी चिरंजीवांना म्हणतो. “नाही बाबा, तुम्ही दमून आलात,” असं चिरंजीव म्हणतात. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी सोळा वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. तोवर आई पाट ओढून शांतपणे बसते. ऐंशीच्या पुढच्यांना कागदात सूट आहे. पहिली पोळी तीच खाते, तीसुद्धा सावकाश, तूप लावून, आमच्याकडे बघत. मग दुसरी पोळी पहिली धरायची असं पोटकलम घालावं लागलं.

गेल्या रविवारी मेव्हणे आले होते. कट्टर दिवाळीघाशे. सौ.ने त्यांना आग्रहाने पहिलं पान मांडलं. आई त्या दिवशी एकादशी धरून बसली होती. त्यांच्या ताटात फुगलेली पहिली पोळी पडली तेव्हा चिरंजीवांनी पुढे होऊन स्वतः तूप वाढलं. मेव्हणे फार खूश झाले. म्हणाले, “मुलांना वळण चांगलं लावलंत हो.” त्यांचं जेवण होईस्तोवर आम्ही थांबलो, आणि हात धुऊन आल्यावर चिरंजीवांनी एका ताटलीत बडीशेप आणि एका ताटलीत फडकं असं दोन्ही त्यांच्यापुढे धरलं.